सरासरी वय ३४



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर संख्याशास्त्र शिकवायचे. तेव्हा मी आकड्यापासून सुरुवात केली तर ते रागावणार नाहीत. आकडा सांगून तसाच पुढे निघून गेलो, तर मात्र रागावतील.

आकडा असा. अमेरिकेत सार्वजनिक ठिकाणी, एकाच घटनेत चार किंवा त्याहून जास्त माणसं गोळ्या घालून मारणाऱ्यांची माहिती जिलियन पीटरसन आणि जेम्स डेन्सली या दोन अभ्यासकांनी वर्षानुवर्षं गोळा केली. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस या तिथल्या सरकारी संस्थेने या कामाला पैसा दिला. १९६६ ते २०१९ या काळातले असे १७२ जण त्यांच्या यादीत आहेत. त्यांचं सरासरी वय ३४. सर्वांत लहान ११ वर्षांचा, सर्वांत मोठा ७० वर्षांचा. पुरुषांचं प्रमाण जवळजवळ ९८ टक्के.

या व्याख्यानात मी मारेकऱ्यांची नावं घेणार नाही. त्यांतल्या पुष्कळांना नाव हवंच होतं, आणि आपल्याला हवं आहे त्यांचं वय. ते नावाशिवायही सांगता येतं.

तर, ३४. हा आकडा ऐकून डोळ्यांसमोर जो माणूस उभा राहतो, तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. बाकावर सत्तर वर्षांची आजी आणि दहा वर्षांचा नातू बसले, तर बाकाचं सरासरी वय ४० भरतं. पण त्या बाकावर चाळिशीचं कोणीच नसतं. हे हत्याकांडांचं ३४ बऱ्याच अंशी असंच आहे. त्यात शाळकरी मुलगा आहे, नोकरीवरून काढलेला चाळिशीचा कामगार आहे, निवृत्तीच्या वयाचा एकटा म्हातारा आहे. ही तीन वेगळी माणसं आहेत. त्यांची बंदूकही वेगळ्या वाटेने त्यांच्या हातात आलेली असते. आज मला मुख्यतः या वाटांबद्दल बोलायचं आहे. मारेकऱ्याचं वय पाहून त्याच्या मनात काय होतं हे फारसं कळत नाही, असं माझं मत झालं आहे. बंदूक त्याला कुठून मिळाली असेल, हे मात्र बऱ्यापैकी कळतं.

आधी एक अडचण सांगतो, कारण वर्तमानपत्रं ती सांगत नाहीत. सामूहिक गोळीबार कशाला म्हणायचं, यावर एकमत नाही. गन व्हायोलन्स अर्काइव्ह ही संस्था चार जणांना गोळी लागली की घटना मोजते, मग कोणी मेलं असो वा नसो. त्या हिशेबाने २०२१, २०२२ आणि २०२३ या प्रत्येक वर्षी ६०० हून जास्त घटना भरतात. त्यांत गल्लीतल्या टोळ्यांची भांडणं आणि पार्ट्यांमधल्या मारामाऱ्या पुष्कळ, आणि तिथे वय कमी. उलट चार बळींची अट लावली आणि घराच्या चार भिंतींतले खून धरले, तर बायकोमुलांना मारून स्वतःला संपवणारा मध्यमवयीन पुरुष पुढे येतो. व्याख्या बदलली की मारेकऱ्याचं वय बदलतं. मी आज फक्त सार्वजनिक ठिकाणच्या हत्याकांडांपुरतं बोलतो आहे.

वय आणि गुन्हा यांचं नातं पहिल्यांदा आकड्यांत मांडलं ते अडॉल्फ केटले या बेल्जियमच्या गणितज्ञाने. फ्रान्सच्या न्यायालयांचे तक्ते घेऊन त्याने १८३१ मध्ये दाखवलं, की गुन्ह्याकडचा कल पौगंडावस्थेत झपाट्याने वाढतो, पंचविशीच्या आसपास शिगेला पोचतो आणि मग उतरत जातो. पुढच्या जवळजवळ दोनशे वर्षांत देश बदलले, कायदे बदलले, तरी या रेषेचा आकार साधारण तसाच राहिला. चोरी, मारामारी, साधे खून, सगळे तिच्यात बसतात. गंमत अशी, की ‘सरासरी माणूस’ ही कल्पनाही याच केटलेची. सरांना त्याच्याबद्दल आदर होता आणि त्या कल्पनेबद्दल शंका होती.

सामूहिक गोळीबार या रेषेत बसत नाही. पंचविशीनंतर तो उतरत नाही, पुढे लांबच लांब पसरत जातो. एफबीआयने २००० ते २०१३ मधल्या ६३ हल्लेखोरांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांत १२ वर्षांचा होता आणि ८८ वर्षांचाही. सरासरी सुमारे ३८. ऐंशी ओलांडलेला माणूस घरफोडी करत नाही. त्याच्या गुडघ्यांनाच ते झेपत नाही. बंदुकीला मात्र गुडघे लागत नाहीत.

ही पसरलेली रेषा जागेनुसार वेगळी केली की ती एकदम बोलू लागते. बारावीपर्यंतच्या शाळांत गोळीबार करणाऱ्यांचं सरासरी वय १८ च्या आसपास आहे. विद्यापीठांत ते विशीच्या उत्तरार्धात जातं आणि कामाच्या ठिकाणी चाळिशीच्या जवळ. वय सांगा, मी जागा सांगतो, इतकं हे सरळ नाही. अपवाद खूप आहेत. पण जिथे माणूस दिवसाचे आठ तास काढतो, जिथे त्याचा पाणउतारा झाला असं त्याला वाटतं, तिथे तो परत येतो. सोळाव्या वर्षी ती जागा शाळा असते, चव्वेचाळिसाव्या वर्षी पोस्ट ऑफिस.

शाळेपासून सुरुवात करू.

मार्च १९९८. अर्कान्सा राज्यातलं जोन्सबोरो. दोन मुलं, एक १३ वर्षांचा, दुसरा ११ वर्षांचा. एकाने शाळेतली आगीची घंटा वाजवली, आणि मुलं बाहेर पटांगणात आल्यावर दोघांनी झाडीतून गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका गेल्या. आता त्या सकाळचा तपशील ऐका. या मुलांनी आधी घरातली वडिलांची पोलादी तिजोरी उघडायचा प्रयत्न केला, कारण रायफली तिच्यात होत्या. तिजोरी उघडली नाही. मग तिजोरीबाहेर राहिलेली पिस्तुलं घेतली आणि आजोबांच्या घरी जाऊन तिथल्या रायफली उचलल्या. एका कुलपाने त्यांना अडवलं, दुसरीकडे तसं कुलूप नव्हतं. अकरा वर्षांच्या मुलाच्या मनात काय चाललं होतं यावर शेकडो पानं लिहिली गेली. मला त्या तिजोरीबद्दलचं एक वाक्य जास्त उपयोगी वाटतं.

हा अपवाद नव्हता. अमेरिकेची सिक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खातं यांनी मिळून १९७४ ते २००० मधल्या ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास केला. त्यात दोन तृतीयांशाहून जास्त हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या घरातून किंवा नातेवाइकाकडून मिळवली होती. पीटरसन आणि डेन्सली यांच्या माहितीतही शाळांवरच्या हल्ल्यांत ८० टक्क्यांहून जास्त वेळा बंदूक घरच्यांचीच होती. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत २० बालकं आणि सहा मोठी माणसं मारणारा २० वर्षांचा होता. बंदुका आईच्या होत्या, आणि पहिला बळीही ती आईच.

मोठी माणसं हे समजायला फार वेळ घेतात. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ रोजी १५ वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी घेतलं होतं. हल्ल्याच्याच दिवशी सकाळी शिक्षिकेला त्याच्या गणिताच्या कागदावर एक भयंकर चित्र दिसलं, शाळेने आईवडिलांना बोलावून घेतलं, दोघं आले, आणि मुलाला वर्गात ठेवून परत गेले. त्याच्या दप्तरात काय आहे, हे कोणीच पाहिलं नाही. २०२४ मध्ये दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवून १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. मुलाच्या अशा कृत्यासाठी आईवडिलांना या गुन्ह्यात दोषी ठरवण्याची अमेरिकेतली ही पहिली वेळ.

समोर बसलेल्यांपैकी ज्यांची नातवंडं टेक्सास किंवा न्यू जर्सीला आहेत, त्यांना तिथल्या शाळांतली तालीम ठाऊक असेल. दिवे घालवायचे, दार लावायचं, भिंतीला चिकटून गप्प बसायचं. ती तालीम चालू राहीलच. पण नातू मित्राकडे खेळायला जाणार असेल, तर मित्राच्या आईला ‘तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि असली तर ती कुलपात असते का’ हे विचारायला आपली सून लाजत असेल, तर तिला लाजू नको म्हणून सांगा. असं विचारण्याची मोहीमच तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या पाठिंब्याने चालते. शाळकरी वयाच्या हल्ल्यांत सर्वांत स्वस्त उपाय कपाटाचं कुलूप हाच आहे.

अठरा पूर्ण झाली की कपाटाची गरज संपते. आता दुकान आहे.

१९६८ च्या केंद्रीय कायद्याने तिकडे एक विचित्र उंबरठा घातला. परवानाधारक दुकानदाराने २१ वर्षांखालच्या माणसाला पिस्तूल विकायचं नाही. रायफल आणि शॉटगन मात्र १८ व्या वर्षी विकता येते. त्या काळी पिस्तूल हे गुन्हेगाराचं हत्यार आणि लांब नळीची बंदूक शिकाऱ्याची, अशी समजूत होती. सैन्याच्या धर्तीवरची, मिनिटाला कितीतरी गोळ्या झाडणारी रायफल दुकानाच्या फळीवर येईल आणि तीही ‘लांब बंदूक’ म्हणून अठराव्या वर्षी मिळेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नसावं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात, १९८३ च्या दुरुस्तीनंतर, वयाची अट सरसकट २१ वर्षांची आहे, शिवाय परवाना मिळवणं ही वेगळीच तपश्चर्या.

मे २०२२ मध्ये या उंबरठ्याचा अर्थ दहा दिवसांत दोनदा दिसला. १४ मे रोजी बफेलोमधल्या किराणा दुकानात १० कृष्णवर्णीय माणसं मारणारा १८ वर्षांचा होता. २४ मे रोजी टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, तो मारेकरीही १८ वर्षांचा. युवाल्डीच्या या मुलाचा वाढदिवस १६ मे. टेक्सास विधिमंडळाच्या समितीने नंतर नोंदवलं, की १७ वर्षांचा असताना त्याने निदान दोघांना आपल्यासाठी बंदूक विकत घ्यायला सांगितलं होतं आणि दोघांनीही नकार दिला होता. म्हणजे मनात काय आहे ते तयार होतं, पैसेही साठत होते. अडसर फक्त जन्मतारखेचा होता. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी त्याने पहिली रायफल घेतली.

इथे आपला नेहमीचा युक्तिवाद येतो, की या वयात मेंदूचा पुढचा भाग अजून पक्व नसतो. ते खरं आहे; आवर घालणारा हा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. पण जगातल्या प्रत्येक अठरा वर्षांच्या मुलाचा मेंदू तसाच असतो. नागपूरच्या, नैरोबीच्या, ओसाकाच्या मुलाचाही. तो एकट्याने एवढा फरक घडवू शकत नाही. कच्चा मेंदू आणि पक्की रायफल यांची गाठ ज्या देशात सहज पडते, तिथे आकडा वाढतो.

या वयाची आणखी एक खूण आहे, ती मोठ्या वयात फारशी दिसत नाही : नक्कल. १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत १८ आणि १७ वर्षांच्या दोघांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारलं, तेव्हापासून ते दोघं पुढच्या मुलांचे आदर्श झाले. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जणांना मारणाऱ्या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने मागे ठेवलेल्या मजकुरात त्यांचा उल्लेख आहे. सँडी हूकच्या मारेकऱ्यालाही त्यांचं वेड होतं. व्हर्जिनिया टेकच्या बळींत मुंबईहून वास्तुरचना शिकायला गेलेली एक मुलगी होती, आणि तमिळनाडूत जन्मलेले जलशास्त्राचे एक प्राध्यापक. शेरी टॉवर्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये गणिती प्रतिमान मांडून दाखवलं, की अशी एक घटना झाली की पुढचे सुमारे १३ दिवस दुसरीची शक्यता वाढलेली असते. एवढ्या दिवसांत आपल्या वाहिन्या मारेकऱ्याचा फोटो किती वेळा दाखवतात, ते आपणच आठवा.

या मुलांच्या बाबतीत एक दिलासा आहे. ती बोलून जातात. सिक्रेट सर्व्हिसच्या त्याच अभ्यासात पाचपैकी चार घटनांत निदान एकाला तरी आधी माहीत होतं, आणि तो बहुधा मित्र किंवा भाऊ होता. पोरं एकमेकांना सांगतात, मोठ्यांना सांगत नाहीत. म्हणून व्हर्जिनिया राज्याने व्हर्जिनिया टेकच्या घटनेनंतर विद्यापीठांत आणि पुढे शाळांतही धोका ओळखणारी पथकं सक्तीची केली. त्यात शिक्षक, समुपदेशक, पोलीस एकत्र बसतात आणि कोणी काय ऐकलं ते जुळवून पाहतात. बातमी होत नाही अशा गोष्टी यातून टळतात, म्हणून या पथकांची कीर्ती होत नाही.

मध्यमवयावर मी थोडक्यात बोलतो, कारण तिथे गोष्ट पुन्हापुन्हा तीच आहे. १९८६, ओक्लाहोमातलं एडमंड, टपाल कार्यालय : ४४ वर्षांच्या कर्मचाऱ्याने १४ सहकाऱ्यांना मारलं. आदल्याच दिवशी वरिष्ठांनी त्याला फैलावर घेतलं होतं. २०१९, व्हर्जिनिया बीच, महापालिकेची इमारत : ४० वर्षांचा अभियंता, सकाळी राजीनामा पाठवला, दुपारी १२ जणांना मारलं. या वयाच्या माणसाला बंदूक चोरावी लागत नाही, वाढदिवसाची वाट पाहावी लागत नाही. ती त्याच्याकडे कायदेशीर आणि पुष्कळदा जुनीच असते. त्याला अडवायचं तर नोकरीवरून काढण्याची रीत, संसार मोडण्याचा काळ, दारू, आणि कोर्टाच्या हुकमाने काही काळ बंदुका काढून घेण्याची सोय, इथेच काही करता येतं. तशी सोय करणारा पहिला कायदा कनेक्टिकटने १९९९ मध्ये केला, तोही अशाच एका कर्मचाऱ्याने आपल्या कार्यालयातल्या चौघांना मारल्यानंतर.

हे सगळं परदेशातलं आहे, असं म्हणून आपण सुटू नये. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर–मुंबई गाडीत, पालघरच्या आसपास, रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपला वरिष्ठ आणि तीन मुस्लीम प्रवासी यांना सरकारी रायफलने ठार केलं, असा आरोप आहे. आरोपी तिशीतला. खटल्याबद्दल मी बोलणार नाही. एवढंच, की आपल्या देशात सामान्य माणसाला बंदूक मिळत नाही, तिथे ती ज्याला नोकरीतच मिळते त्याची झोप, त्याची सुट्टी, त्याचं डोकं आणि त्या डोक्यात भरलेला द्वेष, यांची चौकशी करणं नोकरी देणाऱ्याचं काम आहे.

आता परत अमेरिकेकडे. बंदूक घेण्याच्या वयाची अट वाढवावी का? पार्कलंडच्या हायस्कूलमध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये १७ जण गेले. मारेकरी १९ वर्षांचा, आणि त्याने रायफल १८ व्या वर्षी रीतसर विकत घेतलेली. फ्लोरिडाने सुमारे तीन आठवड्यांत सगळ्याच बंदुकांसाठी वय २१ केलं, आणि हे करणारा गव्हर्नर रिपब्लिकन पक्षाचा होता. युवाल्डीनंतर जून २०२२ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्याने वय वाढवलं नाही, पण २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकाची चौकशी लांबवली आणि त्याचं बालवयातलं रेकॉर्डही पाहायला सांगितलं. विरोधकांचं म्हणणं, अठराव्या वर्षी मत देता येतं, सैन्यात जाता येतं, मग बंदूक का नाही? हा प्रश्न पोकळ नाही, आणि न्यायालयं त्याच्यावर दुभंगलेली आहेत. २०२५ मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाने तरुणांना पिस्तूल विकण्यावरची जुनी बंदीच घटनाविरोधी ठरवली, दुसऱ्याने फ्लोरिडाचा कायदा उचलून धरला. सैन्यात बंदूक देताना शिकवणारा, मोजणारा आणि रात्री परत घेणारा कोणीतरी असतो, हे मला या वादात महत्त्वाचं वाटतं.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने मात्र वयाचा हिशेब केलाच नाही. १९९६ मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेनमध्ये १६ चिमुरडी आणि त्यांची शिक्षिका मारणारा ४३ वर्षांचा होता; सहाच आठवड्यांनी टास्मानियात पोर्ट आर्थरला ३५ जणांना मारणारा २८ वर्षांचा. दोन्ही देशांनी मारेकऱ्याचं वय बाजूला ठेवून हत्यारालाच हात घातला. दुसरीकडे सर्बिया पाहा. २०२३ च्या मे महिन्यात बेलग्रेडच्या शाळेत १३ वर्षांच्या मुलाने वडिलांच्या पिस्तुलांनी १० जणांना मारलं. तिथे गुन्हेगारी जबाबदारीचं वय १४ आहे. खटला त्याच्यावर चालूच शकत नव्हता, तो आईवडिलांवर चालला.

राहिले म्हातारे. त्यांच्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगासमध्ये हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून संगीत महोत्सवावर गोळ्या झाडणारा ६४ वर्षांचा होता. त्या रात्री ५८ बळी गेले, पुढे ते ६० झाले. त्याने आधीच्या वर्षभरात ५५ हून जास्त बंदुका घेतल्या, सगळ्या कायदेशीर. एफबीआयला त्याचा एकच असा स्पष्ट हेतू सापडला नाही. शरीर आणि मन खालावत चाललं होतं, आणि शेवट आपल्या हातात असावा असं त्याला वाटत होतं, एवढं त्यांनी लिहिलं. पीटरसन आणि डेन्सली यांच्या यादीतले बहुसंख्य हल्लेखोर आधीपासून किंवा हल्ल्याच्या वेळी आत्महत्येच्या विचारात होते. म्हातारपणी तर हे आत्महत्येचंच एक भीषण रूप उरतं. आणि अमेरिकेत वयस्कर पुरुषांच्या आत्महत्येचं मुख्य साधन बंदूक हेच आहे.

२१ जानेवारी २०२३. चिनी नववर्षाची पूर्वसंध्या, कॅलिफोर्नियातलं माँटेरे पार्क, नृत्यशाळा. ११ जण मेले. बहुतेक साठी–सत्तरीतले, हौसेने बॉलरूम नृत्य करायला येणारे. मारेकरी ७२ वर्षांचा, एके काळी त्याच सभागृहात नाचायला येणारा. तो तिथून दुसऱ्या नृत्यशाळेत गेला, तिथे २६ वर्षांच्या एका तरुणाने झटापट करून त्याच्या हातातली बंदूक काढून घेतली. दोनच दिवसांनी त्याच राज्यात हाफ मून बे इथे मशरूमच्या शेतांवर ६६ वर्षांच्या मजुराने सात जणांना मारलं.

७२ वर्षांच्या माणसाला बंदूक देऊ नका, असा कायदा कुठल्याही राज्याने केलेला नाही, आणि करता येईल असं मलाही वाटत नाही. त्याच्यासाठी शाळेचं पथक नाही, वरिष्ठ नाही, बायको नाही. माँटेरे पार्कच्या या माणसाचं लग्न केव्हाच मोडलं होतं आणि तो हेमेट गावात वृद्धांच्या वसाहतीत राहत होता. हत्याकांडाच्या दोन आठवडे आधी तो दोनदा हेमेटच्या पोलीस ठाण्यात गेला होता. घरच्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्याला फसवलं, विष घातलं, अशी त्याची तक्रार होती. पोलिसांनी ती ऐकून घेतली. पुरावे घेऊन परत येतो म्हणाला, आणि आला नाही.